वाचनालयाच्या भिंतीतला वारा

नंदुरबार,
वैशाख शुद्ध सप्तमी, १९५९

तीर्थरूप अक्कावन्सं यांच्या पायांवर धाकट्या भावजयीचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना तो बोलतो, असं मागच्या पत्रात होतं. आमच्याकडे सध्या भिंती बोलतात, तेव्हा गुडघ्याचं फार मनावर घेऊ नका. मी ठीक आहे, फक्त झोप उडाली आहे. धुळ्याला तुम्ही उकाड्याने हैराण असाल. इथे वाचनालयात मात्र मी शाल पांघरून लिहिते आहे. (वैशाखात, नंदुरबारला, शाल! चष्मा पुसू नका, बरोबरच वाचलंत.)

झालं असं, की गावात वीज आली आणि ह्यांच्या वाचनालयात ती घ्यायचं ठरलं. (हे गेले त्याला तीन वर्षं झाली तरी गाव त्याला ‘भाऊसाहेबांचं वाचनालय’ म्हणतं. आता ग्रंथपाल मी आहे, हे फक्त वाळवीला माहीत आहे.) तो दगडी हॉल तुम्हाला आठवतोच, साहेबाच्या काळातली जुनी कचेरी. घासलेटच्या दिव्यांनी छत काळं झालेलं, पान उलटलं की बोटाला काजळी. आता विजेचे दिवे आले, पण पंखे फिरवण्याचा जोर आमच्या तारेत नाही. म्हणून ओव्हरसियर शांतीलालभाई भिंती ठोकत फिरले आणि एके ठिकाणी कान लावून म्हणाले, ‘बाई, आ भींत तो पोली छे!’ खरोखरच पोकळ होती. हवा खेळावी म्हणून बांधणाऱ्याने भिंतींच्या पोटातून छपरापर्यंत बोळ ठेवले होते. पुढे प्लेगच्या वर्षी कोणीतरी ते विटांनी बुजवले. ते मोकळे केले तर पंखे नकोत, वीज नुसती उजेडापुरती लागेल. आमच्या समितीचे अध्यक्ष हिंमतराव लगेच राजी झाले. (उद्घाटन म्हटलं की भाषण आलंच.)

विटा काढल्या तेव्हा आधी कबुतरांची हाडं पडली, मग ओल्या वाळ्याचा वास आला. (त्या भिंतीत वाळा कोणी ठेवला असेल तर तो माणूस केव्हाच गेला असेल.) आणि मग हॉलने श्वास घेतला. याहून वेगळं कसं लिहू? दुपारी आत घेतो, दिवेलागणीला सोडतो. त्या वेळी लांब तारांवर टांगलेले दिवे एकदमच झुलू लागतात, आणि वाचक खुर्चीत बसलेले असताना त्यांच्या सावल्या उठतात, कपाटापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. हिंमतरावांच्या वर्तमानपत्राचं पान त्यांचं वाचून होण्याआधीच उलटतं. ‘झालंच होतं,’ म्हणतात ते. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर बर्नाडेट एका पवित्र आत्म्यापलीकडे कुठलाच आत्मा मानत नसत, आणि मीही तेच वळण ठेवलं आहे. तरी हल्ली स्वतःच्या सावलीकडे मी पाहत नाही.

नंतर भिंत बोलायला लागली. भर सभेत हिंमतराव स्वच्छ उजेडाची थोरवी सांगत होते, तोच त्यांच्या पाठीमागच्या, बोळाच्या तोंडावरच्या झरोक्यातून एक बाई हसली आणि म्हणाली, ‘त्याले आंधारामा सोतानं पागोटं सापडत नही, नि गावले उजेड देवाले निंघना!’ सगळी सभा हिंमतरावांच्या पागोट्याकडे बघू लागली. शांतीलालभाईंनी लगोलग शोध घेतला. त्या बोळाचं खालचं तोंड मागच्या मिरचीच्या पथारीकडे, मिरच्या वाळवायच्या पटांगणाकडे उघडतं, आणि देठ खुडणाऱ्या बायकांचं बोलणं वाऱ्याबरोबर आत येतं. (मिरचीही येते. त्या दिवशीचा आभाराचा ठराव सर्वांनी शिंकून मंजूर केला.) तो आवाज त्यांच्यातल्या म्हाताऱ्या दगूबाईचा निघाला. हिंमतराव म्हणाले, भूत असतं तर चालवून घेतलं असतं, दगूबाई नाही. सोमवारी गवंडी येऊन बोळ पुन्हा बुजवणार आहेत.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पथारी बंद होती. बायका माहेरी, झोक्यांवर. मी दुपारी एकटीच पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसले होते. झरोक्यात कोणीतरी घसा खाकरला, पान उलटलं आणि म्हणालं, ‘असं होय!’ कबुतर असावं. (कबुतर ‘असं होय’ म्हणत नाही, हे मलाही कळतं.) मी सवयीने विचारलं, ‘चहा ठेवू का?’ मग नुसता वाराच आला. संध्याकाळी बाहेर पडले तर राखणीला राहिलेली दगूबाई मिरचीच्या ढिगाशी उभी होती, तोंडाला पदर. म्हणाली, ‘बाई, तुम्ही नि भाऊसाहेब दुपारपाईन काय बोली ऱ्हायन्तात? तुम्हना तं एकच बोल ऐकू उना, त्यासनं तं सरेच ना!’ (माझं एकच वाक्य, आणि ह्यांचं संपेचना! हयातीत दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस!)

असो. म्हातारीचे कान म्हणायचे आणि सोडून द्यायचं. हॉलचा गारवा जाईल आणि पुस्तकं पुन्हा उबतील, एवढंच माझं दुःख आहे. घरी लहानथोरांना माझी आठवण सांगावी.

तुमची,
मीना

ता. क. तुमचा रमाकांत बांधकाम खात्यात आहे. त्याने हिंमतरावांना चार ओळी लिहिल्या तर बोळ वाचतील. पुस्तकांना हवा लागते, एवढंच कारण लिहावं. दुसरं काही नको.

आणखी ता. क. रमाकांतला राहू द्या. तुम्हीच या, सोमवारच्या आत. हे लिहिणार नव्हते, पण आत्ता पाकीट चिकटवायला घेतलं आणि झरोक्यातून हाक आली. मी उठलेसुद्धा. पण ती मला नव्हती. ‘अक्का,’ म्हणाले ते, अगदी हळू. (संसार माझ्याशी, आणि हाक बहिणीला! वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे.) काय हवंय ते मला नाही सांगायचे. तुम्हाला सांगतील. इथे बसून ऐकू आपण, पण ओ लगेच देऊ नका. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबू. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक आपल्या माणसाचीच असते, असं तुमच्या आईच म्हणायच्या ना?