विहिरीने न घेतलेला रुपया

९ एप्रिल, लातूर
नवा जिल्हा झाला, पाट्या रंगल्या, नळ कोरडेच. कॉलेजात वादसभा: देशांनी आपलं नाणं सोडून सगळ्यांचं एकच चलन घ्यावं का? बाजूने शिक्षकांतर्फे मी बोलणार. मुद्दा तयार आहे. निजामाचा हाली सिक्का गेला, हिंदुस्थानचा कलदार रुपया आला, तेव्हा इथे कोणाचं काय बिघडलं?

१२ एप्रिल, गाव
आत्याला न्यायला आलो. उदगीरपासून पुढे नुसता फुफाटा. टँकर बंद, ती एकटी, उन्हात चक्कर येऊन पडली होती. तरी हट्ट. गाव सोडणाऱ्याने विहिरीतल्या आसरांना, म्हणजे जलदेवतांना, रुपया द्यायचा, त्यांनी ठेवून घेतला तरच निघायचं. तिच्यासाठी मीच टाकला. पाणी नाहीच, तळाच्या दगडावर खणकन वाजला.

१३ एप्रिल
सकाळी रुपया काठावर. कडेला खोच असलेला, तोच. कोणीतरी टवाळखोर असणार.
आत्या : "घेतला न्हाई बघ."
म्हटलं, नाणं बदलून किती वर्षं झाली!
"तुमी बदललाव. त्यांला कुणी इचारलं?"
हसलो. विहिरीकडे पाठ करवेना मात्र.

१५ एप्रिल, लातूर
आत्या आली नाही, एकटाच परतलो. वादसभेत मी झोडपून काढलं. शेवटी विरुद्ध बाजूची एक मुलगी उठली. "सर, नाणं दुसऱ्याच्या हातात आणि दुष्काळ आपल्या दारात, मग त्या देशाने करायचं काय?" टाळ्या तिला. 
कंडक्टरकडून निरोप : आत्याने अंथरूण धरलंय.

१७ एप्रिल, गाव
तिचे ओठ फुटलेत. "हितंच मरते, पर त्यांला न इचारता येत न्हाई."
चिडलो. तोच रुपया पुन्हा टाकला आणि काठाशीच घोंगडी पसरली. बघू कोण येतंय. कोणी फिरकलं नाही, कुत्रंसुद्धा.

१८ एप्रिल
रुपया नाही. काठावर त्या जागी चारमिनार छापलेली हाली चिल्लर. सराफाने अदलाबदलीचा बट्टा कापून मोड द्यावी, तशी.
भ्यालो. खरंच भ्यालो.
नाणी ओली होती. विहिरीचा तळ तडकलेला, गावात थेंब नाही, आणि नाणी ओली.
खाली पाणी आहे असं वाटलं तर आत्या हलायची नाही, आणि न हलली तर मरेल. नाण्यांची मूठ तशीच खिशात घातली. तिला एवढंच सांगितलं, रुपया ठेवून घेतला. खोटं नाही ते.
आत्या उठली. एस.टी.त खिडकीशी बसवली. तिने माझा हात घेऊन गालाला लावला, आणि तसाच धरून ठेवला.
"बाबू, हात वला कशानं रं?"
गाडी अजून आमच्याच शिवारात होती; तिला उतरता आलं असतं.