चाळभर वाटलेले पेढे

अहो,

काविळीच्या साथीत कारखाना बंद झालेल्यांना युनियन साकीनाक्यावर धान्य देतेय. यादीतून आपलंच नाव कापलंय. नवी नोकरी लागली म्हणून तुम्ही चाळभर पेढे वाटलेत, ते धाकूभावजींना खरं वाटलं आणि त्यांनीच तिकडे कळवलं. आज शेवटचा दिवस. मी जाऊन चारचौघांत सांगणार आहे, नोकरीबिकरी काही लागलेली नाही. रागवायचं तर मी आल्यावर रागवा. आधी आईंना पेज भरवा, डोळे अजून पिवळेच आहेत त्यांचे.

डबीत माझी कानातली नाहीत, म्हणजे पेढे कुठून आले तेही कळलं. बायकांनी विचारलं तर दुरुस्तीला टाकलीत म्हणेन. तेवढं एक खोटं तुमच्यासाठी बोलेन.

मालन