चाडं कुणी घडवलं

आबा, मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी आलाय, आणि आता तो काढू कुणावर?

गेल्या आठवड्यात शहरातल्या एका कॉलेजात गेले होते. गावाकडच्या जुन्या कामांच्या शब्दांचा कोश करतायत तिथं. पडद्यावर शब्द आला, ‘चाडं’. खाली अर्थ : पेरताना तीन फणांच्या तिफणीवर बसवून बी सोडायचा लाकडी वाडगा, शेतकऱ्याचे अवजार. मग हा शब्द आला कुठून, यावर दोन प्राध्यापकांची जुंपली. एक त्याला संस्कृतात ओढत होता, दुसरा कानडीत. अर्धा तास! चाडं बाभळीच्या ओंडक्यातून येतं आणि तो ओंडका कुणीतरी बसून कोरतं, हे एकालाही सुचलं नाही. माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

लासूरजवळचं आपलं अंगण. तुम्ही मांडीत चाडं धरून गिरमिटानं तळाला तिसरं भोक पाडताय. आई मूठभर ज्वारी आणून देते. तुम्ही चाडं वर धरून ती हळूहळू सोडता, सारवलेल्या जमिनीवर तीन ढीग पडतात, आणि तुम्ही उकिडवे बसून ते न्याहाळता. त्या दिवशी मधला ढीग बारका पडला. न्यायला आलेला शेतकरी म्हणाला, “चालतंय की, कोण बघतंय?” तुम्ही म्हणालात, “तुला चालंल. मधली ओळ उपाशी राहील, तिचं काय?” आणि वाकस घालून चाड्याचे दोन तुकडे केलेत, चुलीत सारलेत. दोन दिवसांची मेहनत. बी सारखं वाटून देतं ते चाडं, नायतर नुसतं लाकूड, असं तुम्ही म्हणायचात. हा अर्थ कुठल्याच कोशात नव्हता.

मी तेव्हा नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी वर्गात छाती फुगवून हीच गोष्ट सांगितली. त्याच आठवड्यात फॉर्म भरायला मास्तरांनी तुम्हाला बोलावलं. व्यवसाय विचारला, तर माझ्यादेखत म्हणालात, “शेती लिवा.” आपल्याकडं वीतभर जमीन नव्हती, आबा! सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. खोटी कोण ठरली? मीच. वाटेत रडले तर वर मलाच दटावलंत, “सुताराची पोर म्हणून मिरवायचंय व्हय? गप चाल.” अख्खं गाव तुमच्या हातच्या चाड्यावर पेरायचं आणि तुम्हाला स्वतःचं काम सांगायची लाज वाटली. मधल्या ओळीची एवढी काळजी केलीत, माझी एका वाक्यापुरतीही केली नाहीत. हे मी अजून माफ केलेलं नाही.

तुमचा अर्थ आता कोशात छापणार आहेत, सांगणाऱ्याच्या नावासकट. त्यासाठी एक फॉर्म दिलाय, उद्या परत करायचाय. बजाजनगरच्या शाळेतून शिकवून आले तशी तो समोर घेऊन बसलेय. तुमचं नाव ठळक लिहिलं. पुढचा रकाना व्यवसायाचा.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, म्हणूनच सांगते. तुमच्यावर एवढी चिडलेली मी, त्या रकान्यात माझ्या हातानं आधी ‘शे’ लिहिलं. खोडून पुढं ‘सुतार’ लिहिलंय. पण खोडलेलं दिसतंय.