लवंगीची आई

रोहा, २९ जून २०२५

ती. हरेशदादास,
अनिताचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाय आणि मी ओरडून बोलले की शेजारी जमा होतात. म्हणून ह्यांच्या कंपनीतल्या मिथुनच्या हाती हे पत्र देते. तो हमरापूरला तुझ्या आळीतच राहतो, तेव्हा लवकर पोचेल.

दादा, तू दिलेलं करडू जगेल की नाय याची मला धास्ती लागली आहे. तू ते ज्या फार्महाऊसवरून आणलंस तिथल्या राखणदाराने तुला सांगितलं होतं, ही पिग्मी जात बुटकी असते, घरात मांजरासारखी राहते. व्हय, राहते! सोफ्यावर चढते, चार्जरची वायर चावते. हे नाईट शिफ्ट करून झोपले की त्यांच्या छातीवर उडी मारते. ते रागावतात आणि मग तिलाच कुशीत घेऊन झोपतात. नाव लवंगी ठेवलं आहे. त्या सगळ्याचं काय नाय.

काळजी वेगळीच आहे. आमच्या सासूबाईंचं विसरणं तुला ठाऊक आहे. लवंगी आली तशी त्यांना जीव आला. सकाळी उठून आधी तिला हाक मारतात. पण बाटली पाजली हे त्या घटकाभरात विसरतात आणि ते पोर उपाशी आहे म्हणून परत पाजतात. मी धुणं वाळत घालून येते तोवर दुसरी बाटली संपलेली असते. काल लवंगीचं पोट फुगलं, हगवण लागली, मान टाकून पडली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर मला बोलावू नका, उपयोग व्हायचा नाय.

मी बाटली कपाटात ठेवते तर सासूबाई वाटीने पाजतात. त्यांना ओरडावं तर लहान मुलासारखा चेहरा होतो. तू तिला परत घेऊन जा. तिच्या आईने तिला दूध पिऊ दिलं नाय, आता आमच्या मायेनेच ती मरायची.

वहिनीला नमस्कार सांग. पत्राची वाट बघते, रागावू नको.
तुझी,
अनिता

हमरापूर, ५ जुलै २०२५

चि. सौ. अनिता हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी हसली. लहानपणी तू कोंबडीचं पिल्लू दप्तरात घालून शाळेत नेलं होतंस, ती तू आता करडाला घाबरतेस!

इकडे गणपतीच्या मूर्ती रंगवायचा हंगाम आहे. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाय, जिकडे तिकडे रंगाचे डबे उघडे. लवंगीने एक चाटला तरी गेली. पण तुझ्याकडे तिचा जीव जात असेल तर मी नाय म्हणणार नाय. पुढच्या रविवारी, तेरा तारखेला येऊन घेऊन जातो. तोवर तुझ्या फाटकाजवळच्या कण्हेरीपासून तिला लांब ठेव, तो पाला विषारी.

तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं ते तू आणि प्रविणराव ठरवा. मला मावशींच्या मांडीवरून तिला उचलायला लावू नको, तेवढं कर.

घरी सर्वांना नमस्कार, माया असू दे.
तुझा,
हरेशदादा

रोहा, १४ जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

येऊ नको, एवढाच निरोप मी मिथुनजवळ दिला. तुम्ही घाबरला असाल. तेव्हा लिहवत नव्हतं. आज लिहिते.

शुक्रवारी सकाळी हे जेवायला बसले होते. मी म्हटलं, रविवारी दादा लवंगीला न्यायला येतो, आईंना ऐनवेळी सांगू. सासूबाई दारात बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना काय कळतंय.

दुपारी बघते तर ओटीवर कोण नाय. लवंगी पण नाय. कण्हेरीखाली बघितलं, विहिरीत डोकावले. दादा, त्या वेळी काय काय मनात आलं ते लिहीत नाय. हे झोपेतून उठून कुंडलिका नदीच्या काठाने धावत गेले. मी बाजारात एकेकाला विचारत सुटले, हिरव्या लुगड्यातली म्हातारी बघितली का? कोणाला आठवेना. हिरव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या किती! मग एका भाजीवालीला मी विचारलं, गो बाय, एवढंसं काळं करडू दिसलं का? ती लगेच म्हणाली, व्हय, माझी कोथिंबीर खाल्ली ना त्याने, एक म्हातारी त्याला कडेवर घेऊन ठेसनाकडे गेली. पुढे रिक्षावाल्यांना करडू आठवलं, चहावाल्याला करडू आठवलं. तो म्हणाला, आजी दिव्याला जाणाऱ्या गाडीत चढल्या.

त्याच गाडीच्या वाटेवरचं कासू हे त्यांचं माहेर. तिथे आता कोण राहत नाय, भावाचं घर बंद आहे. आम्ही मोटारसायकल काढली. नागोठण्याला पुराचं पाणी रस्त्याला टेकलं होतं. पोलीस सोडेनात, हे त्यांच्या पाया पडले.

सासूबाई बंद घराच्या पायरीवर बसल्या होत्या, भिजलेल्या. लुगड्याच्या पदरात लवंगी गुंडाळलेली. शेजारच्या बाईने चहा दिला होता, तो तसाच निवला होता. मला बघून त्यांनी ओळखलं नाय. म्हणाल्या, बरं झालं आलीस गो, या पोरीला आई नाय, लोक तिला नेणार आहेत, मी तिला तिच्या आईकडे पोचवते, पण घर सापडत नाय.

मला रडू आवरेना. ह्यांनी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, आई, हिला कोण नेत नाय. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मग चहा प्यायल्या.

आता दूध मी गरम करते, बाटली त्या धरतात, आणि पाजून झालं की बाटली मी धुऊन शेजारच्या नूतनच्या घरी ठेवून येते. वाट्या पण. लवंगीचं पोट बरं आहे. पण सासूबाई रोज संध्याकाळी पिशवी भरतात, तिच्या आईकडे जायचंय म्हणतात. मी दाराला कुलूप लावते आणि माझीच मला लाज वाटते. हे किती दिवस चालायचं? काय सुचलं तर कळव.

तुझीच आठवण काढणारी,
अनिता

हमरापूर, १९ जुलै २०२५

चि. सौ. अनिता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी हातातला रंग तसाच ठेवून फार्महाऊसवर गेलो. वाटलं, मावशींना एकदा नेऊन लवंगीची आई दाखवावी, म्हणजे मन निवेल. राखणदार म्हणाला, मालकाने ती गेल्या महिन्यातच विकली, कुठे गेली त्याला ठाऊक नाय. लवंगीच्या जोडीने जन्मलेला बोकड तेवढा राहिलाय, तो एकटाच ओरडत असतो. मी त्याला मागून घेतला आहे. पुढच्या रविवारी आणतो. दोघं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतील, प्रविणरावांची छाती वाचेल.

कुलूप लाव, लाज बाळगू नको. मावशींना मात्र विकल्याचं सांगू नको. पिशवी भरायला लागल्या की शेजारी बस आणि सांग, हरेश स्वतः जाऊन भेटून आला. तिची आई खुशाल आहे. तिने निरोप दिलाय, पोर चांगल्या घरी आहे, तिथेच असू दे. विसरल्या तर उद्या परत सांग. रोज सांग.

तुझा,
दादा