उलार झालेली निळी गाडी

मिस्त्री, गेल्या रविवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी स्वयंपाकघरात बसून लाल लोकरीचे बोटभर लांबीचे तुकडे कापत होतो. पोहे परतता परतता बायकोने वळून पाहिलं. “अहो, काय मांडलंय हे? कुणाकडे पाळणा हललाय का?” मी म्हटलं, गाडीला चिकटवायचेत. “दृष्ट लागू नये म्हणून?” “तसंच समज.” ती हसली. “मिस्त्रींचं खूळ अजून गेलं नाही म्हणायचं.” नाही गेलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी लोकरीचे तुकडे मी तुमच्यासारखेच डाव्या हाताच्या मधल्या बोटावर मापतो आणि एका टोकाला चिकटपट्टी लावून ताटात ओळीने मांडतो. पण त्या सकाळी मी प्रत्येक तुकडा दोनदा मापत होतो, कारण ज्या गाडीला ते लावायचे होते ती गाडी तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे तुम्हाला वाटतं तशी ठाऊक नाही. तेच सांगायचं आहे.

अंबडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. गावच्या शाळेत दहावी, पुढे आयटीआय, तेही अर्धवट. तुम्ही ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्र्यावर हात फिरवून डोळे मिटून उंचवटा सांगणारे. निवृत्तीनंतर हौशी लोकांच्या गाड्यांना फायबरची विंग, बंपर असं काहीबाही करून द्यायला लागला होतात. “जन्मभर वर उचलणारे पंख केले, आता म्हातारपणी खाली दाबणारे करतोय,” असं तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसायचात. पहिल्याच दिवशी तुम्ही मला टेम्पोत बसवलंत आणि घोटीच्या रस्त्याला लागल्यावर म्हणालात, “हात बाहेर काढ. तळवा खाली. हां, आता अंगठ्याकडची कड खाली कर.” मी केली तसा वाऱ्याने हात खाली ढकलला. “काय झालं?” “दाबला गेला.” “बस. एवढंच हाय. बाकी सगळा फायबर.”

एवढंच नव्हतं, हे मला पुढे कळलं. स्वतःच्या हाताने पहिली विंग बसवली तेव्हा मी तिच्यावर लोकरीचे दोरे लावले, गाडी पळवून आणली. सगळे दोरे विंचरलेल्या केसांसारखे सपाट पडलेले. मी फुशारून तुमच्यासमोर उभा. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत आणि रागावलात की तुमच्या तोंडी सटाण्याकडची बोली यायची, तशी ती आली. “काय करी राहिना रे भो?” मग मला कळावं म्हणून सावकाश बोललात. “दोरे हवा कुठून चालली ते सांगतात. चाकावर वजन किती उरलं ते नाय सांगत. तू मागं दाबलंस, पुढचं कोण धरणार? तुझा बाप?” कागदावर तुम्ही दोन चाकं काढलीत, मागच्या चाकाच्याही मागे विंग, तिच्यावर खाली येणारा बाण. मी बराच वेळ बघत राहिलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे गाडी उलार होते.”

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. “परत बोल.” मग मी सांगितलं, की आमचे वडील बैलगाडीतून कांद्याच्या गोण्या लासलगावला न्यायचे. गोण्या मागच्या बाजूला जास्त झाल्या की धुरा वर उचलला जायचा आणि बैलांच्या मानेवर जू टेकायचंच नाही. बैल चालतायत, पण गाडी त्यांच्या हातात नाही. त्याला आम्ही उलार म्हणतो. मग वडील कुणालातरी हाक मारायचे, “ये रे, पुढं बस,” आणि तो माणूस पुढे धुऱ्यावर बसला की गाडी जागेवर यायची. बहुतेक वेळा तो माणूस मीच असायचो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “चाळीस वर्षं मी लोकांना हेच समजावतोय, आन हा शब्द काय माझ्या तोंडात आला नाय.” दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमचा कोनमापक दिलात. स्वतःच्या पगारातून घेतलेला, मखमली डबीतला. म्हणालात, “विंगचा कोन याच्यावर बघायचा. आन पुढचा ओठ लावल्याबिगर विंग शेडबाहेर जाणार नाय. कोणी कितीबी बोंबलू दे.”

बंपरच्या खाली पुढे येणाऱ्या त्या सपाट फळीला तुम्ही ओठच म्हणायचात. तो हवेला गाडीच्या पोटाखाली घुसू देत नाही, पुढची चाकं जमिनीवर दाबून धरतो. गाडीच्या पुढे बसवलेला माणूसच तो. बारा वर्षं आपण तो नियम पाळला. मग तुम्ही दवाखान्यात होतात त्या आठवड्यात तो हॉटेलवाला त्याची निळी, दोन दारांची, परदेशातून आणलेली गाडी घेऊन आला. म्हणाला, “मागं अशी विंग पाहिजे की सिग्नलला लोकांनी माना वळवल्या पाहिजेत. पुढचं ते फळकुट नको, गतिरोधकावर रोज घासेल.” मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मनात आलं, हा काय, कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला जाणार, चाळीसच्या वेगाने. आणि खरं सांगायचं तर मिस्त्री, ती विंग फार सुंदर झाली होती. तुमच्याशिवाय केलेली माझी पहिलीच. ती भिंतीला टेकून राहावी असं मला वाटेना. आणि लोकांनी माना वळवाव्यात असं मलाही वाटत होतं.

विंग बसवून झाली त्या दुपारी मी तुम्हाला भेटायला आलो. निळ्या गाडीचं काम आलंय हे आधीच्या भेटीत सांगितलं होतं. नाकात नळी, आवाज आत गेलेला. तुम्ही विचारलंत, “निळीला पुढचा ओठ लावला ना रे?” मी म्हणालो, “हो, मिस्त्री.” तुम्ही डोळे मिटलेत. “मग सोड गाडी.” गाडी सकाळीच गेली होती.

दोन दिवसांनी तुम्ही गेलात, आणि तो ‘हो’ माझ्याजवळ राहिला. वर्षभराने धीर करून हॉटेलवाल्याकडे गेलो, तर त्याने गाडी पुण्यात कुणाला विकलेली, त्याने आणखी कुणाला. पुढे माग लागला नाही. तेव्हापासून रोज सकाळी दिवा लावताना घरातल्या सगळ्यांची नावं घेऊन झाली की मी त्या गाडीचा नंबर म्हणायचो. देवाला नंबर सांगावा लागत नाही हे मलाही कळतं. पण मला तर तिच्यात बसणाऱ्याचं नावच माहीत नव्हतं. पेपरात कुठे अपघाताचा फोटो आला की आधी रंग बघायचो. निळा नसला की वाचायचो, निळा असला की पेपर बाजूला ठेवून आधी पाणी प्यायचो.

गेल्या महिन्यात शेडमध्ये एका बंपरला रेझिन लावत होतो. बाहेर गाडी थांबली. मी नंबर वाचला आणि मग कळलं की मी तो मोठ्याने वाचला. हातातला ब्रश डब्यात राहिला तो राहिलाच. संध्याकाळी पाहिला तर दगड झालेला. गाडीतून एक बाई उतरल्या. पस्तिशीच्या, सटाण्याकडे जनावरांच्या डॉक्टर आहेत. मागच्या सीटवर गमबूट, सलाइनच्या बाटल्या.

“दादा, ते विंगवाले तुम्हीच का?”

“हो ताई. बोला.”

“एकशेचाळीसच्या पुढे गेलं की स्टेअरिंग हलकं पडतं. इतकं, की खाली चाकं आहेत का गेली तेच कळत नाही. तीन ठिकाणी अलाइनमेंट केलं.”

“एवढी पळवता कुठे?”

“रस्त्यावर नाही हो! एक खासगी धावपट्टी आहे, महिन्यातून एकदा आम्हा हौशी लोकांना देतात. आठवडाभर गाई-म्हशी, त्या रविवारी ही.” मग विंगवर थाप मारून म्हणाल्या, “ही मात्र ज्याने कुणी केली, मजबूत केलीय.”

मी म्हणालो, “मजबूत आहे.” ती कुणी केली ते सांगितलं नाही. म्हटलं, मी ओठ करून लावतो, सगळं ठीक होईल. धावपट्टीच्या पुढच्या रविवारला अजून तीन आठवडे होते. गाडी ठेवून त्या गेल्या आणि मी त्या तीन आठवड्यांत आजवरचं सगळ्यात निगुतीने केलेलं काम केलं. ओठ कापला, कडा घासल्या, ओठ बंपरला दोन जागी ताणून धरतील अशा सळ्या केल्या. मनात हिशेब सोपा होता. ओठ लागला की ‘हो’ खरा होईल, आणि कुणाला काही सांगायची गरज उरणार नाही. तुम्ही असतात तर माझ्या चेहऱ्याकडे बघूनच ओळखलं असतंत.

रविवारी ताई गाडी घेऊन पुढे आणि मी टेम्पोने मागे, असे धावपट्टीवर पोचलो. ओठ अजून टेम्पोतच होता. तो आधी लावून नेला असता तर वाटेतले गतिरोधक लागले असते, म्हणून तिथेच लावायचा ठरला होता. मी गाडीवर आणि विंगच्या खालच्या बाजूला दोरे चिकटवले. ताईंनी पुढच्या चाकाकडे रोखलेला कॅमेरा दाराला बसवला, गाडीत बसून हेल्मेट चढवलं आणि म्हणाल्या, “दादा, आधी आहे तशीच एक फेरी मारते. एकशेऐंशीपर्यंत नेते. मग ओठ लावा. म्हणजे फरक नीट कळेल.”

बरोबरच बोलत होत्या. तुम्हीही आधी आहे तशी फेरी बघायचात. पण मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो.

“नाही. अशी नाही न्यायची.”

“अहो, मागच्या महिन्यात एकशेसाठ केलीय मी.”

“ताई, ही विंग मी केलीय. चौदा वर्षांपूर्वी. पुढे ओठ लागतो हे मला माहीत होतं. तरी नाही लावला. माझे मिस्त्री दवाखान्यात होते, त्यांना लावला म्हणून सांगितलं.”

त्यांनी हेल्मेट काढलं. “माहीत होतं?”

“हो.”

“आणि तीन आठवडे गाडी तुमच्याकडे होती. एक फोन नाही करता आला?”

“नाही करता आला.”

त्यांनी हेल्मेट शेजारच्या सीटवर ठेवलं आणि इंजिन बंद केलं. धावपट्टीच्या कडेला सुकलेलं गवत वाऱ्याने एका बाजूला पडलं होतं, मी तेच बघत होतो. मग त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी उतरायच्या आधीच तुम्ही माझ्या गाडीचा नंबर म्हणालात. तेव्हाच मला विचित्र वाटलं होतं.”

“रोज म्हणतो. दिवा लावताना.”

“रोज?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. राग गेला नव्हता, पण तोंडाची एक कड हलली. “माझ्या नवऱ्याला माझा वाढदिवस आठवत नाही, दादा.” मग गाडीतून उतरून बाह्या वर करत म्हणाल्या, “चला, आणा तो ओठ. पाना मी धरते.”

दोघांनी मिळून लावला. अर्धा तास लागला. मग तुमचा कोनमापक काढून मी विंगचा कोन बघितला. चौदा वर्षांपूर्वी मी तो फार उभा ठेवला होता, दिसायला बरा दिसतो म्हणून. पाच अंशांनी पाडला. ताई फेरीला गेल्या. पहिली शंभरला, दुसरी एकशेतीसला. प्रत्येक फेरीनंतर मी कॅमेऱ्यात पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघत होतो. ती वाढत नव्हती, म्हणजे पुढची बाजू उचलत नव्हती. तिसऱ्या फेरीला गाडी लांबच्या टोकाला ठिपक्याएवढी झाली आणि आवाज आधी आला. मी नंबर म्हटला. गाडी समोरून गेली, दोर मारल्यासारखी सरळ. विंगखालचे दोरे सगळे पडून होते, एकही नाचत नव्हता.

परत येऊन त्यांनी काच खाली केली. चेहरा घामाने भिजलेला, आणि एखाद्या शाळकरी मुलीसारखा. म्हणाल्या, “दादा, काय सांगू! पुढे कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.”

मिस्त्री, मी त्यांना बैलगाडीचं काहीच सांगितलं नव्हतं. मी टेम्पोच्या आडोशाला गेलो, टोपी काढली आणि हात जोडले. आता ओठ आहे. पण त्याआधी चौदा वर्षं, कुठल्या कुठल्या रस्त्यांवर, तीन-चार अनोळखी माणसांच्या हाताखाली ती गाडी उलार धावत राहिली आणि कुणाला काही झालं नाही. तेवढी वर्षं पुढे कोण बसलं होतं, ते मी कुणाला सांगत बसणार नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही.

त्या रात्री मला झोप चांगली लागली, एवढं सांगतो. सकाळी दिवा लावताना सवयीने नंबर तोंडात आला, मग थांबलो आणि ताईंचं नाव घेतलं. आता नाव माहीत आहे.

हा कागद मी कोनमापकाच्या डबीत घडी करून ठेवणार आहे. पाठवायचा कुठे? पण ठेवण्याआधी एक राहिलं. तुम्ही दवाखान्यात विचारलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो नाही. मला ताप आहे म्हणून निरोप पाठवला होता. ताप नव्हता. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून आलो नाही, आणि मग यायला दिवसच उरले नाहीत.

आता विचारा. लावला, मिस्त्री. निळीला पुढचा ओठ लावला, आणि आधी का नव्हता तेही जिची गाडी आहे तिला तोंडाने सांगितलं.