चार खिडक्या आणि एक ताणा

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं आणि पत्र आज लिहितेय, कारण उद्या सकाळी मौलाचाचा सुतार करवत घेऊन दारात उभे राहतील. खिडक्यांची मापं घेऊन जाताना बजावून गेलेत, "बेटी, एक की चार, पक्का बोलो. मेरे को फिर हेलपाटा नक्को." आणि दादा आणि मी सकाळी भांडलो, ते दुपारपर्यंत एकमेकांशी बोललो नव्हतो.

पाच खिडक्यांपैकी एक तुम्ही बदललीत. उरलेल्या चार वाळवीनं खाल्ल्या. तीन हातमागाच्या खोलीत, चौथी मागच्या पडवीत. सगळ्यांवर गोणपाट ठोकलेलं, त्यामुळे बाहेरून कुणाला कळत नाही. आतून कळतं. आईला आता तुमच्यासारखाच खोकला लागलाय, नाना. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हिला मोकळी हवा पाहिजे. मी त्याच दिवशी ठरवलं की चारही एकदम बदलायच्या.

दादा म्हणाला, "तुझं पुस्तकातलं वारं सुताला कळत न्हाय. चारी उघड्या पडल्या की चैताचा वारा थेट आत. खळ दिलेला ताणा तयार पडलाय. परवा मागावर चढवला न्हाय तर व्यापाऱ्याला चादरी कधी द्यायच्या? आन् चढवला तर सूत वाळून तटातट तुटंल. सांधायला तू बसशील का, बी.ए.बाई?"

"आणि एकेक करत बसलो तर आई..." मी म्हणाले. दादा उठून अंगणात गेला.

सुताचा हा टोमणा त्यानं का मारावा, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही. कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. आरोग्यावरचं एक भाषण ऐकून मी घरी आले. तुम्ही जेवायला बसला होता, तेवढ्यात मी मागाच्या खोलीतली तिन्ही गोणपाटं ओढून काढली. केवढा उजेड आला होता! तुम्ही हात धुऊन येईपर्यंत मागावरच्या ताण्याचे शेकडो उभे धागे तुटून लोंबत होते. गोणपाट भिजवून लावतात, जमिनीवर पाणी शिंपडतात, हे मी जन्मापासून पाहत होते, पण का, ते कधी विचारलं नव्हतं. तुम्ही दोन दिवस मान खाली घालून धागे सांधलेत. एवढंच म्हणालात, "शिकलेल्या माणसानं आदी विचारावं की गं."

त्याच दिवाळीत तुम्ही माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यातली खिडकी बदललीत. मला वाटलं, तुम्ही रागावलाच नव्हता. बाकीच्या खिडक्यांचं विचारलं की म्हणायचात, "ताणा उतरू दे, मग बघू." चढलेला ताणा विणून उतरेपर्यंत त्या खोलीतला खिळासुद्धा हलवायचा नाही, हा तुमचा नियम. पण एक उतरला की दुसरा चढायचा, नाना. किती ताणे उतरले त्यानंतर? दुसरी खिडकी काही झाली नाही, आणि तुम्ही गेलात. म्हणून मला एकेक या शब्दाची भीती वाटते. तुम्हाला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तुमच्याशिवाय कुणाला लिहू?

दुपारी पडवीत गेले. आई रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. केसांवर, भुवयांवर सुताची पांढरी कुसं. मला एकदम तुमचं ते "आदी विचारावं" आठवलं. चार दिवस आम्ही दोघं तिच्यासाठी भांडत होतो आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, तुला काय वाटतं गं?"

तिनं रहाट थांबवला. "आत्ता विचारतीस व्हय? माजी खिडकी आदी करा की. हितं कुटं ताणा हाय? वारा आला तर मलाच लागंल." मग खोकली, बराच वेळ. "मागाकडच्या तिनीचं तुमी दोगं बगा. पर भांडू नगा, त्यानं लई धाप लागती."

मध्ये अख्खी भिंत आहे, नाना! पडवीतल्या वाऱ्याचा मागाशी काही संबंध नाही. दादाला ताणा दिसत होता, मला पुस्तक. कुसं सगळ्यांत जास्त उडतात ती जागा दोघांनाही दिसली नाही.

दादाला अंगणात जाऊन सांगितलं. तो चपलेचा अंगठा नीट करत राहिला. म्हणाला, "मग उद्या आईची. बाकीच्या एकेक." मी म्हटलं, एकेक चालेल, पण माझी एक अट आहे. ती ऐकून त्यानं मान वर केली. "चादरीवाला थांबंल का त्याला?" मी म्हटलं, नाही थांबला तर मी जाऊन त्याच्याशी बोलेन. पक्का होकार काही त्यानं अजून दिलेला नाही.

ती अट आता तुम्हालाच वचन म्हणून देते. तुमचा नियम मोडत नाही, त्याला पुढे जोडतेय. परवा चढणारा ताणा उतरला की एक खिडकी बसेल, आणि ती बसल्याशिवाय या घरात नवा ताणा चढणार नाही; तिन्ही होईपर्यंत असंच. दादानं चढवायला घेतला, तर मी मागाच्या खड्ड्यात, त्याच्या विणायला बसायच्या जागी, जाऊन बसेन. तोवर गोणपाटं मीच भिजवीन, शाळेत शिकवायला जाण्याआधी आणि आल्यावर.

तुमची,
न विचारता गोणपाट काढणारी लेक
सुमन