खुर्चीतल्या पोत्याचा खुलासा

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढाच).

तुला ती दुपार आठवते का? तू जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्या वहीत फुलदाणी काढत होतीस आणि मी तुझ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. मी चौथीत, तू सातवीत, आणि हा आपला दर गुरुवारचा करार. शुक्रवारी आपल्या कॉन्व्हेंटमधल्या चित्रकलेच्या सिस्टर माझ्या वहीत लाल शाईने ‘व्हेरी नीट’ लिहायच्या आणि मी खाली मान घालून तुझं कौतुक माझ्या नावावर घ्यायचे. त्या दिवशी फुलदाणीची डावी बाजू जरा फुगली. तू खोडलंस, पुन्हा काढलंस, पुन्हा खोडलंस, आणि कागदाला भोक पडलं. त्या भोकातून आपण एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की आई आतून ओरडली, “काय चाललंय गं दोघींचं?” (भोकावर तू एक फुलपाखरू चिकटवलंस. सिस्टरांनी त्यालाही ‘व्हेरी नीट’ दिलं.) सांगायचा मुद्दा असा, की शाळेत माझी चित्रकला तू शिकलीस. त्यामुळे माझी ती शिकायची राहून गेली, आणि आता एकसष्टाव्या वर्षी शिकते आहे तर तू मला न्यायला येते आहेस.

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? नातीचे पुढचे दात आले असतील. सगळ्यांची खुशाली सविस्तर कळव. पण त्याआधी भावोजी गाडीत हवा भरायला निघाले असतील तर त्यांना परत बोलाव. शनिवारी मी तुमच्याबरोबर येणार नाही. मागची खोली तू माझ्यासाठी झाडून-पुसून तयार केली आहेस, पडदेसुद्धा लावलेस, हे भाचीने सांगितलं. तरी येणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तुला फोन करून काय सांगितलं, तेही भाचीकडूनच कळलं. की मी भरदुपारी एका पोत्याशी बोलते, त्याला ह्यांच्या खुर्चीत बसवते, ‘अगं रड ना जरा’ म्हणून त्याच्या विनवण्या करते, आणि मग त्याला जमिनीवर आपटते. ताई, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. (आपटते हे जरा जास्त झालं. मी सोडते. पडायचं कसं ते पोतं ठरवतं.) पण डोकं ठिकाणावर आहे की नाही हे ठरवायच्या आधी माणसाचा गृहपाठ काय होता, ते विचारावं की नाही?

तर ऐक. मला वाटलं होतं की अ‍ॅनिमेशनच्या वर्गात पहिल्या दिवशी कॉम्प्युटर देतील आणि दुसऱ्या दिवशी ससा उडी मारेल. पहिल्या दिवशी दिली पेन्सिल. सर तुझ्या लेकीच्या वयाचे, दाढी राखलेले. ते वर्गात आले आणि मी सवयीने ताडकन उभी राहून सुरात ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं. बाकीची वीस-वीस वर्षांची पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मी राष्ट्रगीत सुरू केलंय. सरांनी मागे वळून पाहिलं, की कोणाला म्हणाल्या. (दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची निळ्या केसांची मुलगी माझ्याबरोबर उभी राहिली. आता सगळेच राहतात. सरांना संकोच होतो, पण वेळेवर येतात.)

पहिला महिना फक्त रेषा. सरळ, तिरकी, वाकडी, पानामागून पान. आणि त्या मनगटातून काढायच्या नाहीत, खांद्यातून काढायच्या. अगं, सिस्टरांनी आठ वर्षं खर्चून माझं मनगट घडवलं. माझं अक्षर बघून लोक लग्नपत्रिकेचे पत्ते लिहायला बोलवायचे. ते मनगट ह्या दाढीवाल्याने एका सकाळीत बाद केलं. वर खोडरबर बंद. रेघ चुकली तर चुकली, शेजारी दुसरी काढा. मी दोन दिवस रुमालात खोडरबर लपवून नेलं, एकसष्टाव्या वर्षी, आणि शेजारच्या निळीने ते पकडलं. “काकू, काय हे!” म्हणाली. मला आपल्या मुख्याध्यापिका सिस्टर दारात उभ्या दिसल्या.

मग आली वर्तुळं. रोज पन्नास, हाताने. माझी वर्तुळं बटाट्यासारखी यायची. तीन दिवस बटाटे सोसले. चौथ्या दिवशी साखरेच्या डब्याचं झाकण घेतलं आणि पन्नासच्या पन्नास गरगरीत करून नेली. सरांनी वही उघडली, जवळ धरली, लांब धरली.

“काकू, सगळी एकाच मापाची?”

“सराव हो,” मी म्हटलं.

“आणि प्रत्येकाला इथे खालीच पोचा?”

ताई, ते झाकण ह्यांनी कधीतरी पाडलं होतं, तो पोचा मी विसरूनच गेले होते. पन्नास वर्तुळं, पन्नास पोचे, सगळे एका जागी. सर एवढंच म्हणाले, की झाकणाला उद्या सुट्टी द्या आणि बटाटे आणा, मला बटाटे आवडतात. वर्ग हसला. मी घरी येऊन साखरेशिवाय चहा प्यायले, कारण त्या डब्याकडे बघवेना. पण दुसऱ्या दिवशी नेले बटाटे. पन्नास. मान ताठ ठेवून.

आणि मग पोतं. हा ह्या विद्येतला जुना धडा आहे, सगळ्यांनाच करावा लागतो. अर्धं भरलेलं पिठाचं पोतं काढायचं. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. आणि तरी ते खूश आहे की रागावलंय की दमलंय, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. मी काय केलं असेल? पोत्याचं तोंड नीट शिवलं, टाके मोजून घातले, आणि पोटावर सुवाच्य अक्षरात ‘पीठ, दहा किलो’ असं लिहिलं. सरांनी विचारलं, ह्याला काय वाटतंय? मी म्हटलं, ह्याला काय वाटणार, पोतं आहे ते. तेव्हा पहिल्यांदा ते गंभीर झाले. “काकू, तुम्ही फार नीट काढता. नीट काढलेलं हलत नाही.”

‘व्हेरी नीट’ ही शिवी आहे, हे मला बावन्न वर्षांनी कळलं.

म्हणून मी घरी उशीच्या अभ्र्यात पीठ भरलं, तोंड दोऱ्याने बांधलं आणि सराव सुरू केला. भिंतीला टेकवलं, पायरीवर बसवलं, पलंगावरून सोडलं, आणि दर वेळी भराभर चितारलं. ते रडेना, म्हणून विनवण्या केल्या. त्या खालच्या बाईंनी ऐकल्या, कारण खिडकी उघडी होती. मागच्या मंगळवारी दोरा सुटला आणि सगळं घर पांढरं झालं. त्याच वेळी बाई जाब विचारायला वर आल्या. मी दार उघडलं ते डोक्यापासून पायापर्यंत पीठ, हातात पेन्सिल, आणि मी म्हणाले (हे मात्र चुकलंच माझं), “थांबा, अशाच उभ्या राहा, हलू नका.” बाई जिना उतरल्या त्या थेट फोनपाशी.

पण ताई, त्यांना पुढचं माहीत नाही. केर काढून, उरलेलं पीठ पुन्हा भरून मी ते पोतं ह्यांच्या खुर्चीत ठेवलं, नुसतं हात मोकळे व्हावेत म्हणून. ते जरा खाली सरकलं. वरचा भाग एका बाजूला कलला, मधे वळी पडली, आणि ते तसंच बसून राहिलं. हे ऑफिसातून आल्यावर बसायचे तसं. बूट न काढता. मी उभ्या-उभ्याच काढलं, खांद्यातून, वाकडंतिकडं, रेघेवर रेघ. टाके घालायचं विसरले. दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, हे दमलंय. बस, एवढंच. मी स्वच्छतागृहात जाऊन आधी तोंड धुतलं, मग वर्गात येऊन बसले.

तू विचारलंस ना, ह्या वयात हे कशाला? तर सांगते. हे गेले, आता माझ्याकडे ह्यांचे चारशेच्या वर फोटो आहेत आणि सगळ्यांत ते ताठ उभे आहेत, कोणीतरी ‘हलू नका’ म्हटल्यासारखे. हललेले एकाही फोटोत नाहीत. हे खुर्चीतून तीन हप्त्यांत उठायचे: आधी वर्तमानपत्राची घडी, मग दोन्ही हात गुडघ्यांवर, मग एक ‘हं’. तेवढंच मला काढायचं आहे. दहा सेकंद. त्याला शंभराच्या वर चित्रं लागतात आणि ती मलाच काढावी लागतील, ह्या खेपेला तुला सांगता येणार नाही.

सोमवारी वही द्यायची आहे. जिवंत माणसांची शंभर रेखाटनं, समोर बघून केलेली. वही पास झाली तर पुढच्या सत्रात चित्रं हलवायला शिकवतात. नाही झाली तर निळी आणि कंपनी पुढे जाणार आणि मी नव्या पोरांबरोबर पुन्हा पहिल्या रेघेपासून. तशी वेळ आली तर पुन्हा बसेन. तिसऱ्यांदाही बसेन. तू मागच्या खोलीत मला खिडकीशी बसवून सूप देशील, मी जाड होईन आणि सगळे म्हणतील आता कशी शांत झाली. मला शांत व्हायचं नाही ताई. पोतीसुद्धा होत नाहीत, नीट बघितलं तर.

भावोजींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझीच,
धाकटी

ता. क. शनिवारी येऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पत्र पुन्हा वाच. मी तुमच्याबरोबर येणार नाही, एवढंच म्हटलंय. तुम्ही या. सकाळी लवकर या. माझी अठ्ठ्याऐंशी रेखाटनं झाली आहेत, बारा बाकी आहेत, आणि भावोजी खुर्चीतून उठतात ते जवळजवळ ह्यांच्यासारखंच. घडी, गुडघे, फक्त ‘हं’च्या ऐवजी खोकला. त्यांना वर्तमानपत्र घेऊन बसवायचं आणि उठवायचं, किमान वीस वेळा. आत्ता सांगू नकोस, नाहीतर त्यांना अचानक काम निघेल.

ता. क. दोन. खालच्या बाईंशी माझं बोलणं झालं. चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी त्याच आहेत. नाक लहान काढा म्हणत होत्या. काढलं नाही.

ता. क. तीन. आता त्या मागच्या खोलीचं. पलंग नातीला दे, आजी-आजोबांच्या मधे झोपायचं तिचं वय गेलं. कपाट भावोजींना, त्यांचे सदरे वर्षानुवर्षं दारामागे टांगलेले असतात. नवी चादर आणि उशी भाचीला, तिने मला वेळेवर खबर दिली. पडदे राहू देत. आणि खोली तुला. भावोजींना सांग, दार वाजवून यायचं.